सोनचाफा की निशिगंध? सांगलीच्या काळ्या मातीतला प्रश्न

वाचकाचं पत्र: आमचं घर सांगलीत आहे, पूर्वमुखी. दारासमोर दक्षिणोत्तर २२ फूट आणि पूर्व-पश्चिम १४ फूट मोकळी जागा आहे. माती काळी, उन्हाळ्यात भेगा पडणारी. सासूबाई ७४ वर्षांच्या, माहेर मालवणचं. त्यांना अंगणात सोनचाफा हवा आहे. माहेरच्या परसातलं जुनं झाड अजून उभं आहे आणि त्याच्या बियांपासून केलेलं रोप पाठवतो, असं त्यांचे भाऊ म्हणतात. मला मात्र निशिगंधाची फार आवड. बँकेतून घरी यायला मला साडेसात होतात, तेव्हा दारात तो वास यावा असं वाटतं. शेजारच्या काकू सांगतात, गुलछडीच्या वासाने साप येतात. नर्सरीवाल्याने तिसरंच सुचवलं, देवचाफा लावा म्हणून. आणि यजमान म्हणतात, वाद नको, फरशी घालू आणि गाडी लावू. एकच लावायचं तर काय लावावं?
– एक वाचक, सांगली

उत्तर:

ताई, आधी उत्तर सांगते, कारणं मागून. जागा सोनचाफ्याची आजच ठरवा, पण यंदा मातीत निशिगंध घाला. सोनचाफा पुढच्या जूनमध्ये लावा. आणि मालवणहून बियांचं रोप मागवू नका, त्याच झाडाचं कलम मागवा.

तुम्ही दोघींनी सुवासाची दोन फुलं निवडलीत, म्हणून ती एका पारड्यात घालावीशी वाटतात. पण लावायला घेतलं की त्यांचा मेळ बसत नाही. सोनचाफा हा सदाहरित जंगलातला वृक्ष आहे. सह्याद्रीत मोकळा वाढला तर तो ३० मीटरपर्यंत जातो. अंगणात त्याला आपण कापून-छाटून ठेवतो, पण मूळ जात ती. आणि एकदा लावलेलं झाड शहरात आपल्या मर्जीने काढता येत नाही. महाराष्ट्रात १९७५ पासून नागरी भागातल्या झाडांच्या संरक्षणाचा कायदा आहे. स्वतःच्या आवारातलं झाड तोडायलाही वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. त्यामुळे पाच वर्षांनी ‘इथे नको, तिकडे हवं होतं’ म्हणायची सोय उरत नाही. शिवाय सोनचाफ्याची मुळं मांसल असतात, उपटून दुसरीकडे लावलेलं त्याला मानवत नाही.

निशिगंधाचं तसं नाही. तो मूळचा मेक्सिकोतला, पण आपल्याकडच्या हाराबाजारात इतका रुळला की गुलछडी म्हणून तो आपलाच झाला. त्याचा कंद वाफ्यात दोन-तीन वर्षं राहतो, मग तो काढून, फोडून पुन्हा लावायचाच असतो. जागा चुकली तर पुढच्या खेपेला बदलता येते. म्हणून आधी झाडाची जागा पक्की करायची आणि उरलेल्या उन्हात निशिगंध बसवायचा.

आता मालवणच्या रोपाबद्दल. भावाने बहिणीसाठी रोप करून ठेवलं आहे, त्याला नको कसं म्हणायचं, हे मला कळतं. पण सोनचाफ्याचं बियांपासूनचं रोप फुलायला साधारण सात ते दहा वर्षं घेतं. सासूबाईंचं वय तुम्ही पत्रात लिहिलंय, मला ते पुन्हा लिहायची गरज नाही. शिवाय बियांच्या रोपाला आईसारखंच फूल येईल याची खात्री नसते. रंग फिका निघेल, पाकळी अरुंद निघेल, वास उणा पडेल.

कलमाचं गणित वेगळं आहे. फुलावर आलेल्या जुन्या झाडाची फांदी आपण लहान रोपाच्या खुंटावर बांधतो. फांदीचं वय फांदीबरोबर येतं. खुंट लहान असला तरी वरची काडी वयात आलेलीच असते, त्यामुळे एक-दोन वर्षांत कळ्या दिसू लागतात. नर्सरीत पिशवीतच फुललेला सोनचाफा तुम्ही पाहिला असेल, तो याच कारणाने फुलतो. आणि फूल हुबेहूब मूळ झाडाचं. म्हणजे सासूबाईंनी लहानपणी परसात वेचलेल्या फुलाचाच रंग, तोच वास सांगलीत मिळू शकतो. मामांनी केलेलं रोपही वाया जात नाही, तेच खुंट म्हणून वापरायचं. सिंधुदुर्गात सोनचाफ्याची कलमं बांधणारे हात भरपूर आहेत. वेलणकर या नावाने विकली जाणारी कलमं तिकडूनच सगळीकडे गेली. एखाद्या जाणत्या माळ्याला घरी बोलावून भेट कलम किंवा शेंडा कलम, जे त्याच्या हाताला बसलंय ते, करून घ्यायला सांगा. काड्या तोडून ओल्या फडक्यात गुंडाळून सांगलीला आणण्याच्या फंदात पडू नका. वाटेत त्या सुकतात.

या पावसाळ्यात बांधलेलं कलम पुढच्या जूनपर्यंत लावण्याजोगं होईल. एक वर्ष थांबणं सासूबाईंना जड वाटेल का, हे त्यांनाच विचारा. त्या थांबायला तयार नसतील तर या जूनमध्ये नर्सरीतून चांगलं कलम आणून लावा, त्यांचा शब्द शेवटचा. माझं मन मात्र मालवणच्या कलमाकडे आहे. आणि थांबण्याचा एक मोठा फायदा तुमच्या मातीत दडलेला आहे.

तुमची काळी माती हा या सगळ्यातला खरा अवघड भाग आहे. सोनचाफ्याला कोकणातली तांबडी, निचऱ्याची, थोडी आंबट माती आवडते. पाऊस कितीही पडो, तिथे पाणी मुळाशी थांबत नाही. काळी माती पाणी धरून ठेवते, ओली झाली की फुगते, वाळली की भेगाळते. तुमच्याकडे मिरज-वाळवा पट्ट्यात क्षारपड जमिनींचा त्रासही जुना आहे. त्यात चुनखडी असेल तर झाडाला लोह घेता येत नाही. मग नवी पालवी पिवळी पडते आणि शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. हे दिसलं की बरेच लोक खत कमी पडलं समजून युरिया टाकतात आणि दुखणं तसंच राहतं.

म्हणून दोन चाचण्या करा. दोन्ही घरच्या घरी होतात. वीतभर खालची सुकी माती घ्या, तिच्यावर लिंबाचा रस पिळा आणि कान जवळ नेऊन ऐका. बारीक चरचर आली, फेस दिसला तर चुनखडी आहे. दुसरी चाचणी पाण्याची. दीड-दोन फूट खोल खड्डा घ्या, संध्याकाळी काठोकाठ भरा, जिरलं की पुन्हा भरा. दुसऱ्या भरणीचं पाणी सकाळी तळाशी दिसत असेल तर त्या जागी सोनचाफा खड्ड्यात लावायचा नाही. मातीचा सामू, म्हणजे तिच्या आंबटपणाचा आकडा (pH), नेमका हवा असेल तर कृषी विभागाच्या माती परीक्षण प्रयोगशाळेत नमुना द्या. ८ च्या वर आकडा आला तर सावध व्हा.

खड्ड्यात लावायचा नाही, हे जरा नीट समजावून सांगते, कारण सगळे माळी हेच करतात. दोन फूट खड्डा खणतात, त्यात तांबडी माती, शेणखत, वाळू भरतात आणि वाटतं, झाडाची चैन झाली. पण चिकण काळ्या मातीतला असा खड्डा म्हणजे जमिनीत पुरलेला रांजण. आजूबाजूच्या कठीण मातीतून पाणी झिरपत नाही, ते या भुसभुशीत भरावात उतरतं आणि तिथेच साठतं. आषाढात मुळं कुजतात. पानं खाली झुकलेली पाहून माणूस आणखी पाणी घालतो आणि श्रावणात झाड जातं.

त्याऐवजी उंचवटा करा. पाच फूट रुंद, सव्वा-दीड फूट उंच. खालची काळी माती फक्त कुदळीने खरवडून मोकळी करायची, खोल खणायची नाही. वर तांबडी माती दोन भाग, चांगलं कुजलेलं शेणखत एक भाग आणि भरड वाळू किंवा बारीक मुरूम एक भाग. मुरूम घेतलात तर त्यात चुन्याचे खडे नाहीत ना, ते हाताने चाळून बघा. कडेने दगड रचा. हा उंचवटा यंदाच मे महिन्यात घालून ठेवा. पावसाळाभर तो बसेल, कुठे खचतोय, पाणी कुठल्या अंगाला वाहतंय ते दिसेल, आणि पुढच्या जूनमध्ये कलम तयार जागेत जाईल. थांबण्याचा फायदा म्हटलं तो हाच.

कलम लावताना जोड मातीच्या वर चार बोटं तरी राहिला पाहिजे. जोडाखालून, खुंटातून फूट आली की ती कोवळी असतानाच बोटाने खुडा. ती जोमदार दिसते म्हणून ठेवलीत तर दोन वर्षांत खुंट वाढतो, कलम मरतं, आणि मग ‘आमच्या झाडाला फुलंच येत नाहीत’ अशी पत्रं मला येतात. बोअरचं क्षारयुक्त पाणी शक्यतो टाळा, नळाचं किंवा पावसाचं साठवलेलं द्या. बुंध्याभोवती पालापाचोळ्याचा थर राहू द्या, पण खोडाला टेकवू नका. पालवी पिवळी पडलीच तर चिलेटेड फेरसची, म्हणजे झाडाला सहज घेता येणाऱ्या लोहाची, फवारणी करा. तासगावच्या द्राक्षपट्ट्याशेजारी राहताय, कुठल्याही कृषी सेवा केंद्रात ते मिळेल आणि प्रमाणही तेच सांगतील.

आता जागा. तुमचं घर पूर्वमुखी, म्हणजे अंगणात सकाळपासून दुपारी एकपर्यंत ऊन आणि मग घराची सावली. झाड अंगणाच्या उत्तर टोकाला घ्या, पूर्वेच्या कुंपणापासून ४ फूट आणि उत्तरेच्या भिंतीपासून ५ फूट. घराच्या भिंतीपासून ते १० फूट लांब राहतं. काळ्या मातीत पायाच्या जवळ झाड नको, मुळं पाणी ओढतात तशी माती आकसते आणि भिंतीला तडे जातात. ईशान्येला झाड नको असं कुणी वास्तूच्या नावाने सांगेल. मी ऊन आणि पाया बघून सांगतेय. वर्षातला बराच काळ सूर्य आपल्याकडे दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे उत्तर टोकाच्या झाडाची सावली तुमच्या निशिगंधावर पडणार नाही. दुपारनंतर घराची सावली मिळाली की उन्हाळ्यात कोवळी पानंही करपत नाहीत. झाड ८ ते १० फुटांवर राखा. बहर ओसरला की बारीक फांद्या सिकेटरने, म्हणजे छाटणीच्या कात्रीने, छाटायच्या. जाड फांदी कापायची वेळ येऊ देऊ नका, त्या जखमा लवकर भरत नाहीत.

पानं कुणी कुरतडलेली दिसली तर लगेच औषध मारू नका. काळ्या पंखांवर हिरवे ठिपके असलेलं टेल्ड जे नावाचं चपळ फुलपाखरू सोनचाफ्यावर अंडी घालतं. चार पानं त्याच्या अळ्यांना गेली तर झाडाचं काही बिघडत नाही.

निशिगंध दक्षिणेकडच्या सहा फुटांत. त्याला रोज सहा तास ऊन लागतं, तुमच्याकडे तेवढं जेमतेम आहे, म्हणून कुंपणाला वेल चढवून ते आणखी कमी करू नका. इथेही सपाट वाफा नको. गादीवाफा करा, नऊ इंच तरी उंच, म्हणजे पावसाळ्यात खोडकूज धरणार नाही. लावणीची वेळ आत्ताचीच, एप्रिल ते मे. कंद २ ते ३ सेंटिमीटर जाडीचे, टणक, टोकाचा कोंब शाबूत असलेले घ्या. बारीक कंद स्वस्त मिळतात, पण त्यांचं पहिलं वर्ष नुसतं पान वाढवण्यात जातं. दोन ओळींत एक फूट, दोन कंदांत आठ इंच, खोली दोन-अडीच इंच. लावताना निंबोळी पेंड मिसळा. उगवण होईपर्यंत पाणी बेताचं ठेवा, मग उन्हाळ्यात पाच-सहा दिवसांनी. तीन महिन्यांच्या आसपास पहिले दांडे येतात. आत्ता लावलंत तर गौरी-गणपतीला घरची फुलं असतील.

जात घेताना एकेरी घ्या. दुहेरी फूल फुलदाणीत भरगच्च दिसतं, पण वास एकेरीचा जास्त, आणि दुहेरीच्या वरच्या कळ्या पुष्कळदा उमलतच नाहीत. राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठाची ‘फुले रजनी’ आपल्याकडे चांगली येते. बेंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेची ‘प्रज्वल’ही छान, तिच्या कळीला किंचित गुलाबी छटा असते. मुळांवर गाठी करणाऱ्या सूत्रकृमींचा त्रास त्या भागात असेल तर त्याच संस्थेची ‘शृंगार’ बरी टिकते. पुढे कंद काढाल तेव्हा त्या वाफ्यात एक हंगाम झेंडू घ्या, सूत्रकृमी कमी होतात.

एक गोष्ट मात्र नवख्यांना खटकते. एका कंदाला एकदाच दांडा येतो. तो फुलून गेला की त्या कंदाचं काम संपलं, पुढचे दांडे त्याच्या बगलेच्या पिल्लांना येतात. पिल्लं वाढून दाटी झाली की दांडे आखूड आणि बारीक होतात. म्हणून तिसऱ्या वर्षानंतर, थंडीत पानं पिवळी पडली की पाणी तोडायचं, कंद खणून काढायचे, सावलीत दोन-तीन आठवडे पसरून ठेवायचे आणि मोठे तेवढे पुन्हा लावायचे. उरलेले शेजारी वाटा. नोकरी सांभाळून हे जमण्यासारखं आहे, पण ते करावं लागतं. कंद लावला आणि विसरलात तर चौथ्या वर्षी नुसतं गवत दिसेल.

तुमच्या साडेसातच्या हिशेबाला निशिगंधच बरोबर आहे. दिवस मावळला की त्याचा वास चढतो. आणि या फुलाचा एक गुण फार थोड्या फुलांत असतो, खुडल्यावरही ते वास तयार करत राहतं. फ्रान्समधल्या ग्रासचे अत्तरवाले म्हणूनच मोगऱ्याच्या जातीची आणि निशिगंधाची फुलं थंड चरबीच्या थरावर पसरून ठेवत आणि तासन् तास तो वास चरबीत शोषून घेत. तुम्ही एवढंच करा, खालची दोन-तीन फुलं उमललेली असताना दांडा कापा, पाणी रोज बदला आणि पाणी बदलताना देठाचं टोक तिरकं छाटा. कळ्या खालून वर एकेक उमलत जातील. सोनचाफा वेगळा. तो पहाटे खुडायचा, देठाला धरून. पाकळीला बोट लागलं की तासाभरात तिथे तपकिरी डाग पडतो. वसईचे शेतकरी पहाटे फुलं तोडून दादरच्या बाजारात पोचवतात, त्यामागे हीच घाई असते. म्हणजे पूजेची वेळ सासूबाईंच्या फुलाची आणि कामावरून यायची वेळ तुमच्या फुलाची. भांडायला जागाच उरत नाही.

काकूंना सांगा, साप वासाने येत नाहीत. साप येतो उंदीर-बेडकांच्या मागे, आणि त्याला लपायला दाट गवत, विटांचा ढीग, पालापाचोळ्याची रास मिळाली की थांबतो. निशिगंधाच्या ओळींतलं तण काढा, कुंपणाच्या कडेला काही रचून ठेवू नका, आणि रात्री दांडा कापायला जाताना बॅटरी घ्या. तरीही साप दिसलाच तर त्याला मारू नका, सर्पमित्राला फोन करा.

नर्सरीवाल्याचा देवचाफा वाईट नाही, माळरानावर बिनपाण्याचं जगणारं गुणी झाड आहे. पण त्याचा सोनचाफ्याशी नात्याने काही संबंध नाही. हिवाळ्यात तो निष्पर्ण होतो, आणि सासूबाईंनी तो मागितलेलाही नाही.

यजमानांच्या फरशीबद्दल इतकंच, की काळ्या मातीवरची फरशी दोन पावसाळ्यांत वर-खाली होते. गाडीला चाकांपुरत्या दोन पट्ट्या करा, मधली माती उघडी राहू द्या. २२ फुटांत उत्तरेला झाड, दक्षिणेला वाफे आणि मध्ये गाडी, सगळं बसतं.

आता या रविवारी मालवणला फोन लावा आणि त्यावर सासूबाईंना बोलू द्या. मामांना तीन गोष्टी विचारायला सांगा. त्या झाडाला गेल्या हंगामात फुलं चांगली आली होती का, काड्या घ्यायला उन्हातल्या, पेन्सिलीएवढ्या जाड फांद्या हाताला लागतात का, आणि तयार रोपं किती आहेत. कलमं एकाऐवजी तीन-चार बांधून घ्या, कारण सगळी लागत नाहीत. त्यातून दोन जगली तर एक उंचवट्यावर लावा आणि दुसरं गच्चीवर, तळाला भोकं पाडलेल्या ड्रममध्ये. छाटून ठेवलेलं कलम तिथेही फुलतं, आणि खालच्या झाडाला काही झालं तर काड्या घ्यायला ते हाताशी राहतं.